दोन उभ्या, पाच आडव्या

मुलाच्या हाती पाटी दिली की पहिल्या दिवशी अक्षर देऊ नये, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पहिला आठवडा उभी रेघ, दुसरा आठवडा आडवी. हाताला सरळ जायची सवय लागली की मग गोलाईकडे वळायचं. तेलीबागेत कडुनिंबाखाली मी मुलं बसवू लागले तेव्हा पंधरा दिवस पाट्यांवर नुसत्या रेघाच असायच्या, आणि त्यांच्या आया विचारायच्या, "मास्टरनीजी, पढ़ाई कब शुरू होगी?"

"हीच पढाई," मी म्हणायची.

आम्ही मूळचे नागपूरचे. माझे यजमान बाबूराव तार ऑफिसात होते. त्यांची बदली लखनौला झाली ती १९६८ साली, आणि तेलीबागेत दोन खोल्यांचं घर मिळालं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर लावली, आतल्या खोलीत चूल मांडली, झाला संसार. आमची मीनाक्षी तेव्हा दोन वर्षांची होती. घराच्या मागे विटांच्या भट्टीवर राबणाऱ्या लोकांची वस्ती होती. तिला सगळे भट्टीटोला म्हणत. तिथली मुलं दिवसभर राखेत खेळायची. मला ते बघवेना. मी नागपुरात शिक्षिका होते, इथे नोकरी नव्हती. चार पाट्या विकत आणल्या आणि झाडाखाली बसले.

दयाराम तिथेच भेटला. तेलीबागेच्या चौकात तो सायकली दुरुस्त करायचा. वय सत्तावीस असेल. एका संध्याकाळी स्वतःची पाटी घेऊन आला आणि सहा वर्षांच्या पोरांच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसला. पोरं खिदळायला लागली.

"मास्टरनीजी, मेरी भी उभी रेघ देख लीजिए," तो म्हणाला. 'उभी रेघ' हे शब्द त्याने माझ्याकडूनच उचलले होते.

सात महिन्यांत तो वाचू लागला. त्याने पहिल्यांदा सलग वाचला तो एका नव्या पक्षाचा कागद. पक्षाचं नाव मेहनतकश दल. शहरातल्या एका वकीलसाहेबांनी तो काढला होता. भट्टीवाले, रिक्षावाले, चामड्याचं काम करणारे, शेतमजूर यांचा पक्ष. दोन मोठ्या पक्षांनी आम्हाला विचारलं नाही, तेव्हा आम्ही तिसरा काढतो, असं त्या कागदावर होतं. दयारामने तो कागद अडखळत शेवटपर्यंत वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सायकलीवरून वकीलसाहेबांकडे गेला. १९७४च्या निवडणुकीत तो आमच्या भागातून उभा राहिला. निशाणी मिळाली शिडी.

मला इतका आनंद झाला की मी घरात टाळ्या वाजवल्या. दोन उभ्या रेघा, पाच आडव्या. माझ्या पोरांना पंधरा दिवसांत जे येतं तेच. पोरांनी गेरू कालवून टोल्यातल्या प्रत्येक भिंतीवर शिडी काढली. त्यांच्या आयांनाही शिकवलं. मतपत्रिका कशी असते ते मी जुन्या वर्तमानपत्रावर आखून दाखवायची, अर्ध्या बटाट्याचा शिक्का करायची, निळीत बुडवायची, आणि एकेक बाई येऊन शिडीवर शिक्का मारून जायची.

"तुमचं नाव कुठं आलं तर माझी नोकरी जाईल बरं," बाबूराव म्हणायचे.

"मी पोरांना रेघा शिकवते. त्याला कोण काय म्हणेल?"

"रेघाच शिकवा मग," असं म्हणून तेच बटाटा कापून द्यायचे.

मतदानाच्या सकाळी एक जीप भोंगा लावून टोल्यात फिरली. दयारामने नाव मागे घेतलं आहे, आता दुसऱ्या अमुक निशाणीवर मोहर लावा, असं सांगत गेली. अर्ध्या टोल्याने विश्वास ठेवला. चंदा नावाची एक बाई होती, भट्टीवर विटा वाहायची, दयारामला धाकटा भाऊ मानायची. तिनेही ठेवला. दयाराम तीनशे बारा मतांनी पडला. चंदा माझ्या दारात येऊन बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "हमको फँसा लिया, मास्टरनीजी. भोंपू में बोल रहे थे तो सच लगा."

तरी पक्षाला राज्यभरात बरी मतं पडली. पाच जण निवडूनही आले. त्यामुळे सरकारदरबारी मान्यता मिळाली आणि शिडी पक्षाच्या नावावर राखून ठेवली गेली. आता शिडी कायमची आपली, असं मी पोरांना सांगितलं.

चंदाचं ते रडणं माझ्या मनातून जाईना. मी विचार करू लागले की हे शिकवायचं कसं. माझी गणिताची एक पद्धत होती. फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहायचं, सात आणि पाच तेरा, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, बरोबर आहे ना? जो पोरगा 'नाही' म्हणेल त्याला एक रेवडी. लखनौची रेवडी, गुलाबपाण्याची, मी पत्र्याच्या डब्यात ठेवायची. या खेळाला पोरं 'पकड़ो' म्हणायची. मास्टरनीला पकडायचं. शिक्षक म्हणाला म्हणून खरं, ही सवय लहानपणीच मोडली पाहिजे, असं मला वाटायचं.

१९७७च्या आधी मी तोच खेळ टोल्यात नेला. दारोदार जायची आणि सांगायची, "चंदा, ऐकलंस का, शिडी रद्द झाली. आता कमळाच्या पानावर शिक्का मारायचा." पहिल्या दिवशी बायका गोंधळल्या. मी त्यांना समजावलं. "कोणी येईल, भोंगा लावून येईल, गळ्यात हार घालून येईल. ऐकायचं नाही. मी आले तरी ऐकायचं नाही. मीच येऊन सांगितलं की शिडी नाही, तर समजायचं मास्टरनी खेळ खेळते आहे."

"आप बोलें तब भी नहीं?"

"मी बोलले तरी नाही."

चंदाला हे फार आवडलं. मी दर दोन दिवसांनी नवी थाप घेऊन जायची. दयाराम आजारी आहे, शिडी मोडली, निशाणी बदलली, मोठ्या साहेबांचा हुकूम आहे. चंदा कमरेवर हात ठेवून उभी राहायची, "जाइए मास्टरनीजी, किसी और को फँसाइए," आणि हात पुढे करायची. मी रेवडी ठेवायची. पोरांपेक्षा त्यांच्या आयाच रेवड्या जास्त खायच्या.

त्या वर्षीही भोंगा आला. टोल्यातली पोरं जीपमागे पळत ओरडत होती, "पकड़ लिया, पकड़ लिया." दयाराम निवडून आला. राज्यात आमचे चौदा आले. दोन मोठ्यांच्या मागे तिसरं नाव आमचं होतं. वर्तमानपत्रात वकीलसाहेबांचा फोटो आला आणि बाबूरावांनी तो कात्रीने कापून वहीत चिकटवला.

आमदार होऊनही दयाराम रविवारी दुकानात बसायचा. विधानसभेत बोलायचं असलं की कागद माझ्याकडे आणायचा. टोल्यात दोन हातपंप आले. कडुनिंबाशेजारी दोन खोल्यांची शाळा आली, आणि मी पहिल्यांदा खऱ्या फळ्यावर, भिंतीत बसवलेल्या फळ्यावर, उभी रेघ काढली. १९८०च्या निवडणुकीतही तो आला. पक्षाचे चौदाचे अकरा झाले होते, पण आमच्याकडे शिडी हलली नाही. त्याही वेळी आधी महिनाभर मी 'पकड़ो' खेळले होते. आता तर नव्या सुना, बाहेरून आलेले मजूर, सगळ्यांना चंदाच शिकवायची. "कोई भी बोले, मास्टरनी खुद बोले, सीढ़ी."

कीड कधी लागली ते सांगता येत नाही. वकीलसाहेबांच्या बैठका आधी झाडाखाली व्हायच्या, मग त्यांच्या बंगल्यात होऊ लागल्या. दयाराम चप्पल बाहेर काढून आत जायचा, इतर लोक बुटांसकट जायचे. एकदा मी विचारलं, "काय ठरलं बैठकीत?" तो म्हणाला, "मास्टरनीजी, चाय बहुत अच्छी थी."

१९८४च्या हिवाळ्यात एका दुपारी तो आमच्याकडे आला. बाबूरावांना सुट्टी होती. मीनाक्षी कॉलेजातून आलेली, मटार सोलत होती. दयाराम खाली सतरंजीवर बसला, नेहमीसारखा, आणि मटाराच्या शेंगा स्वतःकडे ओढून सोलायला लागला.

"वकीलसाहेब उधर चले गए," तो म्हणाला. "सरकारकडे. नऊ जण घेऊन." इतक्या वर्षांत तो आमच्याशी अर्धं मराठी बोलू लागला होता.

"अकरातले नऊ?" बाबूराव म्हणाले. "मग राहिले कोण?"

"मी. आणि बलियाचे एक बुजुर्ग. ते म्हणतात, मी आता लढणार नाही."

"तुला नाही बोलावलं?" मी विचारलं.

"बोलावलं. तीनदा. म्हणाले, दयाराम, इधर आ जाओ, कुछ बना देंगे." त्याने एक शेंग उघडली, आत दाणे नव्हते, ती बाजूला ठेवली. "मी म्हटलं, साहेब, मी सायकलवाला आहे. मला बनवायची काही गरज नाही."

मीनाक्षी हसली. "अंकल, ये तो भाषण में बोलना चाहिए था."

"भाषण कुठे, बिटिया? आता निशाणीच नाही."

तेव्हा मला कळलं. ज्याच्याकडे जास्त आमदार, त्याचा पक्ष, त्याची निशाणी. शिडी वकीलसाहेबांकडे गेली होती. मार्चमध्ये निवडणूक होती. दयाराम अपक्ष उभा राहणार होता, आणि त्याला छत्री मिळण्याची शक्यता होती. शिडीवर वकीलसाहेब अमीनाबादच्या कुणा कापडवाल्याला उभं करणार होते.

"तो इथं येईल तरी का?" बाबूरावांनी विचारलं.

"त्याला यायचं काय काम?" दयाराम म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

त्याचा अर्थ मला समजला. कापडवाल्याचा प्रचार मी अकरा वर्षं करून ठेवला होता. प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक पाटीवर.

"मी शिकवलं, मीच बदलेन," मी म्हटलं. "माझी मुलं आहेत ती. निशाणी ठरली की हातात तीन आठवडे मिळतील ना? मला पंधरा दिवस पुरतात."

दयाराम म्हणाला, "आपके भरोसे लड़ रहा हूँ, मास्टरनीजी. या टोल्याशिवाय मी कुठेच नाही."

निशाणी छत्रीच मिळाली, आणि छत्री काढायला कठीण. तिला गोलाई लागते, आणि गोलाई मी दुसऱ्या महिन्यात शिकवते. पण मी शाळेत छत्रीच घेतली. आधी अर्धा चंद्र, मग दांडी, मग खाली वळलेली मूठ. पोरांनी भराभर काढली. मी घरोघर गेले. बाबूरावांची काळी छत्री सोबत नेली, उघडून दाखवली. जुनी वर्तमानपत्रं, बटाटा, नीळ, सगळं पुन्हा काढलं. प्रत्येक बाईच्या समोर बसून सांगितलं की शिडी आता आपली राहिली नाही, वकीलसाहेब ती घेऊन गेले, दयारामची निशाणी छत्री आहे.

बायका ऐकायच्या. मान हलवायच्या. पदर तोंडाला लावून हसायच्या.

"चंदा, नीट कळलं का तुला?"

"हाँ हाँ मास्टरनीजी. छाता." आणि तिने ओठांवर बोट ठेवलं, जसं काही आमच्या दोघींचं गुपित आहे. तिचे केस आता पांढरे झाले होते. तिची नात गीता माझ्याच वर्गात होती. गीताने पाटीवर छत्री काढली आणि तिच्या शेजारी, कोपऱ्यात, बारीक शिडी. माझ्याकडे बघून गालात हसली. मी शिडी पुसली. "आता ही नाही, गीता."

"जी," ती म्हणाली, आणि शेजारच्या मुलीला कोपराने ढोसलं.

भिंतींवरच्या शिड्यांवर चुना फिरवायला मी दोघांना सांगितलं होतं. चुना फिरवला गेला नाही. मी विचारलं तर म्हणाले, कल कर देंगे.

संध्याकाळी जेवताना बाबूराव म्हणाले, "त्या हसतात काहून?"

"समजलं म्हणून हसतात."

"समजलं की माणूस प्रश्न विचारतो. तुम्हीच सांगता ना मला, ज्याला प्रश्न पडत नाही त्याला समजलेलं नसतं."

"तुम्ही तार ऑफिसातले," मी म्हणाले. "तुम्हाला एक शब्द पुन्हा पुन्हा मोजायची सवय आहे."

ते जेवून उठले. मी मात्र तेवढ्यावर विचार सोडून दिला. चाळीस पोरं बिनचूक छत्री काढत होती. इतकी सुरेख छत्री काढणारा वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता. मला अभिमान वाटत होता, हे खरं सांगायला हवं.

होळीच्या आधी मतदान झालं. त्या दिवशी टोल्यातल्या बायका नवी लुगडी नेसून रांगेत उभ्या होत्या. मला लांबूनच त्यांनी हात केला. भोंग्याची जीप त्या वर्षी आली नाही. कोणालाच ती पाठवायची गरज वाटली नव्हती.

मोजणीच्या दिवशी दयाराम सकाळी गेला आणि दुपारी साडेतीनला परत आला. आमच्या दारात सायकल लावली. कुलूप लावायला वाकला आणि तसाच थोडा वेळ वाकून राहिला. मी पाणी दिलं. त्याने घोटभर घेतलं.

"अकराशे चाळीस मतांनी," तो म्हणाला. "मोठा पक्ष आला. मी दुसरा."

"आणि शिडी?"

"सहा हजारांच्या वर."

मीनाक्षीने विचारलं, "लेकिन वो कपड़ेवाला तो एक बार भी नहीं आया. उसको छह हज़ार किसने दिए?"

दयाराम भिंतीला टेकून बसला. त्याचे हात मी पाहिले. इतकी वर्षं आमदार राहूनही नखांतलं ग्रीस गेलं नव्हतं. मी म्हटलं, "दुसऱ्या गावांनी दिली असतील. तिथे मी पोचले नाही. आपला टोला तरी..." आणि पुढचं बोलायच्या आत चंदा आली.

गीताचा हात धरून आली होती, मागे आणखी चार-पाच बायका. तिचे डोळे रडून लाल झाले होते. दयारामला बघून ती खाली बसली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हार गया मेरा भाई. सुना हमने चौक में," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लेकिन मास्टरनीजी, हमारे टोले को दोष मत देना. दूसरे गाँव वाले फँस गए होंगे. छाते पर लगा आए होंगे. हम नहीं फँसे."

दयारामने भिंतीची टेक सोडली.

"तीन हफ्ते आपने कितना फँसाया," चंदा म्हणाली, आणि त्या रडवेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "छाता लेकर आईं, खोलकर दिखाया. बच्चों से भी बनवाया. इस बार तो आपने हद कर दी. मैंने सबको बोल दिया था, मास्टरनी पकड़ो खेल रही हैं, कोई हँसना मत, नहीं तो समझ जाएँगी. एक-एक औरत ने सीढ़ी पर लगाया. एक ने भी छाते पर नहीं लगाया. पूछ लो इनसे."

मागच्या बायकांनी माना डोलावल्या. गीता म्हणाली, "अम्मा ने भी, चाची ने भी."

तेलीबाग, कडुनिंब, अकरा वर्षं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. 'मीच येऊन सांगितलं तरी ऐकायचं नाही.' माझा एक शब्द त्यांनी इतका नीट सांभाळला होता, की नंतरचे माझेच सगळे शब्द त्याच्यापुढे हरले. शिकवणाऱ्याला याहून चांगले विद्यार्थी मिळत नाहीत. मी तोंड उघडलं. मला तिला सांगायचं होतं. चूक दुरुस्त केल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नये, हा माझा नियम होता.

दयारामने माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नाही.

चंदाने तळहात पुढे केला. रेवडीसाठी. जशी ती १९७७ साली करायची, तशीच, थोडीशी ऐटीत.

माझ्याने उठवलं नाही. दयाराम उठला. डबा कुठे असतो ते त्याला ठाऊक होतं. फळीवरून त्याने तो काढला, झाकण उघडलं, आत दोनच रेवड्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या त्याने अंगठ्याने वेगळ्या केल्या. एक चंदाच्या हातावर ठेवली.

"पकड़ लिया, जिज्जी," तो म्हणाला. "शाबास."

चंदाने ती अर्धी मोडून गीताला दिली आणि अर्धी स्वतः तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती रेवडी चघळत होती.

त्या गेल्यावर बाबूराव आतल्या खोलीत जाऊन बसले. दयाराम डबा हातात घेऊन उभाच होता. मी म्हटलं, "दयाराम भैया, मला..."

"मास्टरनीजी," तो म्हणाला, "बच्चों के सामने कभी मत बोलना. उनको लगेगा पढ़ना ही ग़लत था."

पुढे मेहनतकश दलाचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. चार वर्षांनी निवडणूक आली तेव्हा मतपत्रिकेवर ते नाव नव्हतं. वकीलसाहेब कुठल्याशा समितीवर बसले आणि तिथेच विसरले गेले. दयाराम सायकली दुरुस्त करत राहिला. चौकातून जाताना मी थांबले की पंप बाजूला ठेवून उठून उभा राहायचा. छत्रीचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

'पकड़ो' मी पुन्हा खेळले नाही. फळ्यावर सात आणि पाच बाराच लिहीत गेले. पोरांना ते रुचेना, "मास्टरनीजी, ग़लत लिखिए ना," म्हणायची. मी म्हणायची, आज नाही.

बाबूराव निवृत्त झाले तसे आम्ही लखनौ सोडलं. निघायच्या दिवशी मी टोल्यात गेले. चंदा अंथरुणाला खिळली होती, ओळखलं मात्र लगेच. तिच्या खाटेमागच्या भिंतीवर गेरूची शिडी होती, दर दिवाळीला गीता तिच्यावर नवा गेरू फिरवायची. रेघा अगदी सरळ होत्या. दोन उभ्या, पाच आडव्या. चंदाने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अगली बार भी नहीं फँसेंगे, मास्टरनीजी. आप चाहे जो बोलो."

मी तिच्या डोक्याखालची उशी सारखी केली आणि म्हटलं, "हो. मला माहीत आहे."